डांबरगोळी, कापूर आणि सहा कोनांचे कोडे

कपाटातल्या डांबरगोळीचा वास कोणी सुगंध म्हणून आठवत नाही. देवघरातल्या कापराचा मात्र आठवतो. रसायनशास्त्राच्या दप्तरी नोंद नेमकी उलट आहे. डांबरगोळीतले नॅप्थॅलीन ‘ॲरोमॅटिक’, म्हणजे शब्दशः सुगंधी. आणि कापराच्या रेणूत वलय असूनही तो ॲरोमॅटिक नाही. लिंबाच्या सालीतल्या लिमोनीनचेही तेच. वलय आहे, वास आहे, पण त्या घराण्यात प्रवेश नाही.

मग प्रवेश कोणाला, आणि कोणत्या अटीवर? या प्रश्नाचे उत्तर मिळायला सुमारे एकशे तीस वर्षे लागली. त्या काळात एका माणसाच्या स्वप्नाची दंतकथा झाली, एका नोबेल विजेत्याच्या सचोटीच्या कामावर अविश्वास दाखवला गेला, आणि खरे उत्तर शोधणारा माणूस वीस वर्षे जवळजवळ कोणी न वाचलेला राहिला. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

लंडन, १८२५. त्या काळी तेलापासून दिव्याचा वायू तयार करत आणि तो दाबून भांड्यांत भरून गिऱ्हाइकांच्या घरी पोचवत. दाबामुळे भांड्याच्या तळाशी एक तेलकट द्रव साचे. तो मायकेल फॅरडे यांच्याकडे तपासणीसाठी आला. फॅरडे यांनी तो पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातित केला, थंड करून गोठवला, पिळून वेगळा केला. हाती आला एक स्वच्छ द्रव, सुमारे ८० अंश सेल्सिअसला उकळणारा आणि साडेपाच अंशांना गोठणारा. त्यात कार्बन आणि हायड्रोजन यांखेरीज काही नव्हते. वजनाने बारा भाग कार्बन, एक भाग हायड्रोजन. कार्बनचे हे प्रमाण त्या काळच्या मानाने विलक्षण जास्त होते. फॅरडे यांनी नोंद केली, निबंध रॉयल सोसायटीपुढे ठेवला, आणि ते पुढच्या कामाला लागले.

१८३३-३४ मध्ये बर्लिनच्या आइलहार्ड मिट्‌शरलिख यांनी तोच पदार्थ वेगळ्या वाटेने मिळवला. त्यांनी बेंझोइक आम्ल चुन्याबरोबर तापवले. हे आम्ल ज्या डिंकातून येई तो मराठी घरांना परका नाही; तिन्हीसांजेला निखाऱ्यावर टाकतात तो ऊद. अरब व्यापारी त्याला ‘लुबान जावी’, म्हणजे जावाकडचा लोबान म्हणत. युरोपीय जिभेवर त्यातला ‘लु’ गळाला, ‘बानजावी’चे ‘बेंझॉइन’ झाले, आणि त्यावरून पुढे बेंझीन. आज पेट्रोल पंपावर ज्याच्या धोक्याची चर्चा होते त्या द्रवाच्या नावात धूपदानीतला ऊद असा दडून बसला आहे.

‘ॲरोमॅटिक’ हा शब्दही याच सुवासातून आला. ऑगस्ट विल्हेल्म होफमान यांनी १८५५ मध्ये तो एका आम्लकुलासाठी वापरला. नाव अगदीच निराधार नव्हते. कडू बदामाचे तेल, दालचिनी, लवंग, ओव्यातला थायमॉल, जिऱ्याला त्याचा वास देणारा घटक, हे सगळे तपासत नेले की मुळाशी सहा कार्बनांचा तोच गाभा सापडे. गंध मात्र त्या गाभ्याचा गुण नव्हता. तो शेजाऱ्यांच्या संगतीचा होता. हे कळेपर्यंत नाव रूढ झाले होते.

होफमान यांनीच १८४५ मध्ये दगडी कोळशाच्या डांबरात बेंझीन असल्याचे दाखवले, आणि त्यांचे शिष्य चार्ल्स मॅन्सफील्ड यांनी डांबरातून ते मोठ्या प्रमाणावर काढण्याची रीत बसवली. १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी नमुने तयार करताना त्यांच्या भट्टीतला द्रव उतू गेला, पेटला, आणि मॅन्सफील्ड भाजून मरण पावले. वय पस्तीस. पुढच्याच वर्षी होफमान यांचा अठरा वर्षांचा दुसरा शिष्य विल्यम पर्किन याला डांबरातल्याच द्रव्यापासून जांभळा रंग मिळाला आणि कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला. डांबर हा गॅस कारखान्यांचा टाकाऊ मळ होता. एका पिढीत तो सोन्याच्या भावाचा झाला. बेंझीनची रचना कशी, हा प्रश्न त्यामुळे केवळ पंडितांचा राहिला नाही. रंगाच्या कारखान्यांचे भवितव्य त्यावर अवलंबून होते.

कोडे नेमके काय होते?

सूत्र ठरले होते : सहा कार्बन, सहा हायड्रोजन. कार्बनला चार हात असतात, हे १८५८ मध्ये ऑगस्ट केकुले आणि आर्चिबाल्ड कूपर यांनी स्वतंत्रपणे मांडले. सहा कार्बनांची साधी साखळी केली तर तिला चौदा हायड्रोजन लागतात. बेंझीनजवळ आठ कमी. म्हणजे हा रेणू अतिशय असंपृक्त, भुकेला असायला हवा. असे भुकेले रेणू ब्रोमीन दिसताच ते गिळतात आणि ब्रोमीनचा तांबडा रंग क्षणात उडतो. बेंझीन मात्र ढिम्म राहते. लोखंडाच्या मदतीने बळजबरी केली तर ते ब्रोमीन घेते खरे, पण त्या बदल्यात एक हायड्रोजन सोडून देते. स्वतःचा गाभा मोडू देत नाही. ताटात काही नसताना पोट भरल्यासारखे वागणारा हा रेणू होता.

१८६५ मध्ये केकुले बेल्जियममधील घेंट येथे प्राध्यापक होते. त्या वर्षी पॅरिसच्या नियतकालिकात त्यांनी फ्रेंचमध्ये लेख लिहिला : सहा कार्बनांची साखळी स्वतःशीच जोडली जाते. पुढच्या वर्षी षट्कोन आला, ज्यात एकाआड एक एकेरी आणि दुहेरी बंध होते. या कल्पनेचे बळ चित्रात नव्हते, मोजणीत होते. षट्कोनाचे सहाही कोपरे सारखे असतील, तर एक हायड्रोजन बदलल्यावर एकच पदार्थ मिळायला हवा, आणि दोन बदलल्यावर बरोबर तीन समघटक. प्रयोगशाळांनी मोजायला घेतले. एक आणि तीन. विल्हेल्म केर्नर यांनी तर १८७४ पर्यंत कोणता समघटक कोणत्या जागांचा हेही केवळ अशा मोजणीने ठरवून दाखवले. रेणू दिसत नसताना त्याचे कोपरे मोजण्याची ही युक्ती एकोणिसाव्या शतकातल्या तर्काचे एक सुंदर उदाहरण आहे. शाळेत सापाची गोष्ट सांगतात, ही सांगत नाहीत.

सापाची गोष्ट अशी. १८९० मध्ये बर्लिनच्या नगरभवनात बेंझीन सूत्राच्या पंचविशीचा सोहळा झाला. सत्काराला उत्तर देताना केकुले यांनी सांगितले, की घेंटमध्ये शेकोटीपुढे डुलकी लागली असताना अणू डोळ्यांपुढे नाचू लागले, त्यांच्या रांगा सापासारख्या वळवळल्या, आणि एका सापाने स्वतःचीच शेपटी तोंडात धरली.

हे कथन घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, मेजवानीच्या वातावरणात झाले. त्याच्या चार वर्षे आधी, १८८६ मध्ये, जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी आपल्याच संस्थेच्या मुखपत्राचे एक विडंबन छापले होते. त्यात सहा माकडे हातांनी एकमेकांना धरून वलय करतात, आणि एकाआड एक जोड्या शेपट्याही गुंफतात. शेपट्या म्हणजे दुसरा बंध. साप आणि माकडे यांत कोणी कोणाची नक्कल केली यावर अभ्यासकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. स्वप्न पूर्ण थाप होती असे म्हणणारेही आहेत. तितके टोक गाठण्याची गरज नाही. केकुले तारुण्यात वास्तुशास्त्र शिकायला गिसेनला गेले होते आणि लीबिग यांची व्याख्याने ऐकून रसायनाकडे वळले. आकारांत विचार करण्याची सवय त्यांना होतीच. पण सात वर्षे कार्बनच्या साखळ्या जोडत बसलेल्या माणसाला वलय सुचले, यासाठी सापाची गरज नव्हती.

व्हिएन्नातल्या योहान लोश्मिट या शाळामास्तरांचाही उल्लेख इथे आवश्यक आहे. १८६१ मध्ये त्यांनी स्वखर्चाने एक पुस्तिका छापली आणि तीत शेकडो रेणूंच्या आकृत्या काढल्या. बेंझीनच्या गाभ्यासाठी त्यांनी एक मोठे वर्तुळ वापरले. त्यावरून वलयाचे श्रेय त्यांना द्यावे असा आग्रह विसाव्या शतकाच्या अखेरीस काहींनी धरला. मात्र लोश्मिट यांनी त्या गाभ्याची आतली रचना अनिर्णीत ठेवली होती. वर्तुळ ही त्यांची अणू काढण्याची रीतच होती. केकुले यांनी ही पुस्तिका पाहिली होती आणि एका खासगी पत्रात तिची थट्टाही केली होती. श्रेय चोरले म्हणण्याइतका पुरावा यात नाही. थट्टा मात्र केकुले यांना शोभणारी नव्हती.

आता खरी अडचण. केकुले यांच्याकडे घेंटला काम केलेल्या आल्बर्ट लाडेनबुर्ग यांनी १८६९ मध्ये बोट ठेवले. षट्कोनात एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून असतील, तर शेजारच्या दोन कोपऱ्यांवरचे हायड्रोजन बदलल्यास दोन वेगळे पदार्थ मिळायला हवेत. एकात त्या कोपऱ्यांमध्ये दुहेरी बंध, दुसऱ्यात एकेरी. प्रत्यक्षात एकच मिळतो. लाडेनबुर्ग यांनी त्याऐवजी त्रिकोणी लोलकाचा आकार सुचवला. केकुले यांनी १८७२ मध्ये उत्तर दिले, की बंध स्थिर नाहीत, ते सतत जागा बदलतात, म्हणून दोन्ही रूपे एकच भासतात. उत्तर हुशारीचे होते. पण बंधांनी जागा बदलली म्हणून बेंझीन इतके शांत का राहावे, याचा खुलासा त्यात नव्हता. क्लाउस, बायर, आर्मस्ट्राँग यांनी आपापली चित्रे काढली. १८९९ मध्ये योहानेस थील म्हणाले, की दुहेरी बंधाच्या टोकांना थोडी संयुजा उरते, आणि वलयात ती शेजाऱ्या-शेजाऱ्यांत भागून जाते. टोक उरतच नाही, म्हणून भूक नाही.

थील यांच्या सिद्धांताचे एक मोठे गुण होते : तो खोटा ठरवता येत होता. एकाआड एक दुहेरी बंध असलेले कोणतेही बंद वलय, मग ते चार कार्बनांचे असो की आठ, बेंझीनसारखे शांत असले पाहिजे. ते करून बघावे लागणार होते.

ते काम रिखार्ड विल्श्टेटर यांनी अंगावर घेतले. चार कार्बनांचे वलय करण्याचा त्यांचा १९०५ चा प्रयत्न फसला. मग झुरिकमध्ये त्यांनी आठ कार्बनांच्या वलयासाठी कच्चा माल निवडला तो डाळिंबाचा. डाळिंबाच्या झाडाच्या सालीत स्यूडोपेलेटिएरिन नावाचा एक अल्कलॉइड असतो. त्याच्या पोटात आठ कार्बनांचे वलय आयते तयार आहे. त्यातला नायट्रोजन हळूहळू सोडवायचा आणि एकेक दुहेरी बंध बसवत जायचे. पायऱ्या डझनभर, प्रत्येक पायरीला माल घटणार, आणि शेवटी उरणार थोडासा पिवळा द्रव. १९११ मध्ये विल्श्टेटर आणि वासर यांनी तो मिळवल्याचे जाहीर केले. १९१३ मध्ये विल्श्टेटर यांनी तो पुन्हा केला. या वेळी सोबतीला मायकेल हायडेलबर्गर हा तरुण अमेरिकन होता, जो पुढे प्रतिकारशास्त्रात मोठे नाव कमावणार होता.

सायक्लोऑक्टाटेट्राईन हे त्या द्रवाचे नाव. त्याने ब्रोमीन पाहिले आणि गिळले. बेंझीनची शांतता त्यात औषधालाही नव्हती.

थील यांचा सिद्धांत कोसळला, पण त्याच्या जागी ठेवायला कोणाजवळ काही नव्हते. अशा वेळी माणसे सिद्धांतापेक्षा प्रयोगावर संशय घेतात. पुढच्या दोन-तीन दशकांत कुजबुज वाढली, की विल्श्टेटर यांनी आठांचे वलय केलेच नाही. त्यांच्या हाती आले ते साधे स्टायरीन असावे. स्टायरीनचे सूत्रही तेच, आठ कार्बन आणि आठ हायड्रोजन. १९३९ पर्यंत हा संशय शोधनिबंधांतून उघड मांडला गेला. डाळिंबाच्या सालीपासूनचा तो खटाटोप पुन्हा करून पाहण्याचे कष्ट मात्र कोणी घेतले नव्हते.

विल्श्टेटर यांना त्या वेळी उत्तर देण्याची सवड नव्हती. हरितद्रव्यावरच्या कामासाठी १९१५ चे नोबेल मिळालेल्या या ज्यू शास्त्रज्ञाने १९२४ मध्येच म्युनिकचे प्राध्यापकपद सोडले होते. एका योग्य उमेदवाराची नेमणूक तो ज्यू आहे म्हणून नाकारली गेली, त्याचा निषेध म्हणून. १९३९ मध्ये, आपला जुना शिष्य आर्थर श्टोल याच्या मदतीने, बहुतेक सर्व मागे टाकून ते स्वित्झर्लंडला पोचले. १९४२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. डाळिंबाच्या सालीचा प्रश्न तेव्हाही अनिर्णीत होता.

इकडे बेंझीनच्या आकाराचा वाद एका तरुण स्त्रीने लीड्समध्ये संपवला होता. कॅथलीन लॉन्सडेल, आयर्लंडमध्ये जन्मलेल्या, दहा भावंडांतल्या धाकट्या. बेंझीन सामान्य तापमानाला द्रव असते, आणि क्ष-किरणांनी रचना पाहायला स्फटिक हवा. म्हणून त्यांनी हेक्सामिथिलबेंझीन घेतले, जे स्फटिकरूप असते. ते स्फटिक त्यांना लीड्समधल्याच ख्रिस्तोफर इंगोल्ड यांनी पुरवले. १९२८-२९ मध्ये निकाल आला : वलय सपाट आहे आणि षट्कोनाच्या बाजू सारख्या आहेत. एकेरी बंधाची लांबी सुमारे १.५४ अँगस्ट्रॉम, दुहेरीची १.३४, बेंझीनमध्ये सहाही बंध १.३९ ते १.४०. म्हणजे आलटूनपालटून काही नव्हतेच. याच लॉन्सडेल १९४३ मध्ये, शांततावादी क्वेकर म्हणून युद्धकाळातली सक्तीची नोंदणी नाकारून आणि दंडही न भरून, महिनाभर हॉलोवे तुरुंगात राहिल्या. दोन वर्षांनी रॉयल सोसायटीने प्रथमच स्त्रियांना सदस्यत्व दिले तेव्हा पहिल्या दोघींत त्या होत्या.

कलकत्त्याचाही या कथेत न्याय्य वाटा आहे. इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत केदारेश्वर बॅनर्जी यांनी १९३० च्या सुमारास नॅप्थॅलीन आणि अँथ्रासीन यांच्या स्फटिकांची रचना उलगडली. डांबरगोळीचा आकार उकलला तो कलकत्त्यात. के. एस. कृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ पासून अशाच स्फटिकांचे चुंबकीय गुण मोजले. वलयाच्या प्रतलाला लंब दिशेने प्रतिचुंबकत्व कितीतरी अधिक दिसे. जणू इलेक्ट्रॉन एखाद्या बंधाशी बांधलेले नसून सबंध वलयाला प्रदक्षिणा घालत आहेत. १९३६ मध्ये लॉन्सडेल आणि कृष्णन यांनी या विषयावर संयुक्त निबंधही लिहिला.

त्याच वर्षी हार्वर्डमध्ये किस्तियाकोव्हस्की आणि सहकाऱ्यांनी बेंझीनच्या शांततेची किंमत मोजली. एक दुहेरी बंध असलेल्या सहा कार्बनांच्या वलयाला हायड्रोजन दिला की दर मोलमागे सुमारे २८.६ किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. तीन बंधांना त्याच्या तिप्पट, म्हणजे जवळजवळ ८६ पडायला हवी. बेंझीनने ५० च्या आतच दिली. उरलेल्या ३६ किलोकॅलरी ही त्याची आधीच केलेली बचत.

आकार कळला, बचत कळली. ही बचत सहांनाच का साधते आणि आठांना का नाही, हे मात्र एरिक ह्युकेल यांनी १९३१ मध्येच सांगून ठेवले होते.

ह्युकेल भौतिकीचे. जन्म १८९६, शिक्षण ग्योटिंगेन, गुरू पेटर डिबाय. विद्युत्-अपघटनी द्रावणांचा डिबाय-ह्युकेल सिद्धांत १९२३ चा, तो आजही प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. कोपनहेगनमध्ये नील्स बोर यांनी त्यांना सुचवले, की नव्या पुंज यामिकीने दुहेरी बंधाकडे पाहावे. सल्लागार म्हणून घरचाच माणूस होता : थोरले भाऊ वाल्टर ह्युकेल हे नावाजलेले सेंद्रिय रसायनज्ञ होते. रसायनातली कोणती कोडी सोडवण्याजोगी आहेत हे एरिक यांना त्यांच्याकडून कळे.

ह्युकेल यांचा विचार साध्या शब्दांत असा मांडता येईल. सपाट वलयातला प्रत्येक कार्बन आपला एक इलेक्ट्रॉन सामाईक ठेवीत टाकतो. हे इलेक्ट्रॉन कोणत्याही दोन अणूंच्या मालकीचे राहत नाहीत. त्यांना सबंध वलयाच्या ऊर्जापातळ्यांत बसावे लागते. पंगतीच्या ओळी डोळ्यांपुढे आणाव्यात. सर्वांत खालच्या ओळीत एकच बाक. त्यावरच्या प्रत्येक ओळीत दोन-दोन बाक, समान मानाचे. प्रत्येक बाकावर दोघेच. पहिली ओळ भरली की दोन इलेक्ट्रॉन, दुसरी भरली की सहा, तिसरी भरली की दहा, मग चौदा, मग अठरा. ओळ पूर्ण भरलेली असेल तर पंगत स्वस्थ. बेंझीनमध्ये सहा आहेत. दोन ओळी गच्च भरतात. आठांच्या वलयात सहा बसल्यावर दोन उरतात आणि पुढच्या ओळीतले दोन बाक अर्धे अर्धे रिकामे राहतात. ती अस्वस्थता टाळायला रेणू सपाट राहतच नाही; तो घमेल्यासारखा वाकतो आणि त्याचे चार दुहेरी बंध चार सामान्य बंध होऊन जगतात. सपाट अष्टकोनात कार्बनचे कोन ताणले जातात, हेही वाकण्याचे एक कारण आहे. पण चारांच्या वलयाची अस्थिरता आणि आठांचा चंचलपणा हे दोन्ही एकाच मोजणीतून निघतात, हे ह्युकेल यांचे खास योगदान.

‘सहा’ या संख्येत काही जादू आहे हे रॉबर्ट रॉबिन्सन यांनी १९२५ मध्ये ओळखले होते; षट्कोनात वर्तुळ काढण्याची पद्धत आर्मिट आणि त्यांच्या निबंधातली. पण सहाच का, हे सांगणारे ह्युकेल पहिले. त्यांच्या हिशेबात वलयाचे कोपरे महत्त्वाचे नव्हते, इलेक्ट्रॉनांची संख्या महत्त्वाची होती. पाच कार्बनांच्या वलयाला एक इलेक्ट्रॉन जास्त दिला तर सहा होतात. थील यांना १९०१ मध्ये असा पोटॅशियमचा क्षार सहज का मिळाला होता, याचा उलगडा झाला. सात कार्बनांच्या वलयातून एक काढला तर पुन्हा सहाच.

हे सर्व छापले गेले ते भौतिकीच्या नियतकालिकात, जड गणितात. सेंद्रिय रसायनज्ञांनी ते उघडलेही नाही. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात लायनस पॉलिंग यांनी अनुस्पंदनाची कल्पना मांडली : बेंझीन म्हणजे केकुले यांच्या दोन चित्रांचा संकर. ती कागदावर काढता येई, वर्गात शिकवता येई, आणि पॉलिंग यांच्यासारखा वक्ता तिच्यामागे उभा होता. दोन चित्रे मात्र आठांच्या वलयाचीही काढता येतात. मग ते शांत का नाही? इथे चित्रे गप्प बसत. ह्युकेल यांच्याकडे उत्तर होते. त्यांच्याकडे श्रोते नव्हते. यात दोष एकट्या रसायनज्ञांचा म्हणता येणार नाही. ह्युकेल यांचे लेखन दुर्बोध होते आणि आपले म्हणणे वाचकाच्या भाषेत सांगण्याचे कष्ट त्यांनी फारसे घेतले नाहीत.

निकाल युद्धानंतर लागला, तोही तीन दिशांनी.

पहिली दिशा लुडविग्सहाफेनची. तेथे वाल्टर रेपे यांनी १९४० मध्ये निकेलच्या साहाय्याने ॲसिटिलीनचे चार रेणू जोडून आठांचे वलय थेट तयार केले. युद्ध संपेपर्यंत बाहेर कोणाला पत्ता नव्हता. मग अमेरिकेत आर्थर कोप आणि ओव्हरबर्गर यांनी १९४७-४८ मध्ये विल्श्टेटर यांची डाळिंबाची वाट पायरीपायरीने पुन्हा चालून पाहिली. शेवटी हाती आला तोच पिवळा द्रव, आणि तो रेपे यांच्या द्रवाशी जुळला. स्टायरीन नव्हते. विल्श्टेटर यांनी १९११ मध्ये लिहिलेला शब्द खरा होता. ते ऐकायला ते हयात नव्हते. जाऊन पाच वर्षे झाली होती.

दुसरी दिशा एका विसरलेल्या बाटलीची. १८९१ मध्ये गेओर्ग मेर्लिंग यांनी सात कार्बनांच्या वलयाला ब्रोमीन दिले होते आणि एक पिवळा घनपदार्थ मिळवला होता. तो पाण्यात विरघळे, ईथरमध्ये नाही. म्हणजे क्षारासारखा वागे. कार्बनी पदार्थाने असे का वागावे हे मेर्लिंग यांना उमगणे त्या काळी शक्यच नव्हते, कारण इलेक्ट्रॉनचा शोधच अजून लागायचा होता. १९५४ मध्ये विल्यम डोअरिंग आणि लॉरेन्स नॉक्स यांनी तो पुन्हा केला आणि ओळखला : ट्रॉपिलियम ब्रोमाइड, सातांचे वलय, सहा इलेक्ट्रॉन. ह्युकेल यांनी तेवीस वर्षांपूर्वी केलेला हिशेब त्रेसष्ट वर्षांपूर्वीच्या पदार्थात सापडला. ‘४ एन + २’ हे आज पाठ असणारे रूपही डोअरिंग यांनीच १९५१ मध्ये दिलेले. ह्युकेल यांच्या लेखांत नियम आहे, ते सुटसुटीत सूत्र नाही.

तिसरी दिशा मोठ्या वलयांची. फ्रान्झ सोंडहायमर यांनी इस्रायलमधील वाइझमान संस्थेत १९६० च्या आसपास अठरा कार्बनांचे वलय तयार केले. अठरा म्हणजे चार चोक सोळा अधिक दोन. चुंबकीय अनुस्पंदनाच्या यंत्रात त्याच्या आतल्या आणि बाहेरच्या हायड्रोजनांनी अगदी वेगळ्या खुणा दिल्या; वलयात इलेक्ट्रॉनांचा प्रवाह फिरतो, हे कृष्णन यांच्या स्फटिकांनी सुचवलेले चित्र आता कागदाच्या पट्टीवर उमटले.

म्हणून आज वलयाला ॲरोमॅटिक म्हणायचे तर वास विचारत नाहीत. वलय बंद हवे, सपाट हवे, प्रत्येक कोपऱ्याने सामाईक ठेवीत भाग घेतलेला हवा, आणि इलेक्ट्रॉनांची संख्या दोन, सहा, दहा, चौदा या रांगेतली हवी. कापराच्या वलयाचे बहुतेक कोपरे या ठेवीत काही टाकतच नाहीत, म्हणून तो बाहेर. लिमोनीनच्या वलयात एकच दुहेरी बंध, म्हणून तेही बाहेर. नॅप्थॅलीनचे दहा इलेक्ट्रॉन बरोबर बसतात. नियम काटेकोरपणे लागू पडतो तो एकेरी वलयालाच. अनेक वलये चिकटली की पायरीनसारखे सोळा इलेक्ट्रॉनांचे सभासदही घराण्यात निमूट नांदतात, आणि त्यांच्यासाठी वेगळे हिशेब करावे लागतात.

ह्युकेल १९३७ पासून मारबुर्ग येथे शिकवत होते. पूर्ण प्राध्यापकपद त्यांना मिळाले ते निवृत्तीला जेमतेम वर्ष उरले असताना. रॉयल सोसायटीने १९७७ मध्ये त्यांना परदेशी सदस्य केले. तेव्हा ते एक्क्याऐंशीच्या घरात होते. तीन वर्षांनी ते वारले. नोबेल मिळाले नाही.

१९६० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस कॅट्झ यांनी विल्श्टेटर यांच्या त्या वाकड्या रेणूला पोटॅशियम धातूच्या सान्निध्यात ठेवले. धातूने दोन इलेक्ट्रॉन दिले. आठांचे दहा झाले, तिसरी ओळ भरली, आणि घमेल्यासारखे वाकलेले ते वलय सरळ होऊन सपाट झाले.